न गाळलेला आवाज

आप्पांच्या घरी गाणं ऐकायला जायचं म्हणजे आधी दोन मिनिटं काहीच ऐकायचं नाही, असा नियम होता. पंखा बंद. फ्रिज बंद. भिंतीवरचं घड्याळ काढून आतल्या खोलीत गादीखाली. मग सगळ्यांनी सतरंजीवर मांडी घालून गप्प बसायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हसू आवरेना. आप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, हात धुतल्याबिगर जेवता का तुम्ही? मंग कान न धुता गाणं कसं ऐकता?"

त्यांचं घर दौंडला रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. वडील रेल्वेत होते, त्यामुळे जन्मच इंजिनांच्या आवाजात गेलेला. जंक्शनवर इंजिन बदलायचं, डबे एकमेकांवर आदळायचे, शिट्ट्या तर चालूच. आप्पांना सगळं वेळापत्रक पाठ होतं. "बारा चाळीसची गेली. आता मालगाडी आली न्हाई तर वीस मिनिटं आपली," असं म्हणून ते मशीनचं बटण दाबत. त्या वीस मिनिटांसाठी मी शिरूरहून दीड-दोन तास एसटीत बसून जायची, हे सांगितलं तर आज कोणाला पटणार नाही.

आम्ही दोघं शिरूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. मी ब्याण्णव साली ऑपरेटर म्हणून लागले. आप्पा तिथले जुने टेक्निशियन, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. आठवडाभर शिरूरला खोली घेऊन राहत आणि शनिवारी संध्याकाळी दौंडची एसटी पकडत. अंगानं किरकोळ, डोक्यावर केस कमी आणि कान मोठे. कानांवरून सगळे चेष्टा करत, तर म्हणत, "अँटिना हायेत. सरकारी न्हाईत, घरचे हायेत."

लाइन बिघडली की बाकीचे मीटर लावत, आप्पा आधी कान लावत. रिसीव्हर कानाला धरून डोळे मिटत आणि सांगत, "केबलात पाणी शिरलंय. तळेगावच्या अंगाला. नुसतं सूं वाजतंय, खर्र न्हाई. खर्र असतं तर जॉइंट सुटलेला." लाइनमन कुरकुरत जाई आणि बहुतेक वेळा पाणीच सापडे. नेहमी नाही. एकदा आप्पांनी ठामपणे पाणी सांगितलं आणि उंदरांनी केबल खाल्लेली निघाली. पुढं महिनाभर सगळे त्यांना विचारत, "आप्पा, उंदीर कसा वाजतो?"

हा माणूस गाणी गोळा करतो, हे मला वर्षभरानं कळलं. पण तमाशा, लावणी, भजनी मंडळ यातलं काही नाही. त्यांना हवी असायची ती हळू गाणी. बायका एकट्याच काम करताना पुटपुटतात ती. एखादा म्हातारा नुसत्या एकतारीवर स्वतःपुरतं म्हणतो ते. त्यांचा मेहुणा जहाजावर होता, त्यानं परदेशातून एक छोटं रेकॉर्डिंगचं मशीन आणून दिलेलं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट त्यात बसे. ती साधी कॅसेट नाही, हे सांगताना आप्पांचा चेहरा बाप झाल्यासारखा होई. "साधी कॅसेट कशी, ऐकल्यालं आपल्या मनानं सांगती. ही तलाठ्यावानी हाय. जे झालं ते आकड्यात लिहून ठेवती. काय गाळत न्हाई, काय घालत न्हाई."

मला पहिल्यांदा हेडफोन घातले तेव्हा काहीच कळलं नाही. आमच्या घरी लग्नात बँड आणि गणपतीत स्पीकर, एवढंच संगीत माहीत. इथं तर कितीतरी वेळ नुसती शांतता. मग लांबवर कुठंतरी कोंबडीचं कॉक्-कॉक्. मग कपड्याची सळसळ, बांगडी सरकल्याचा आवाज, आणि एका बाईनं घेतलेला श्वास. गाणं त्याच्यानंतर आलं. पण त्या श्वासानंच मी सरळ होऊन बसले. ती बाई माझ्या शेजारी बसलीय असं वाटून मी वळून पाहिलं. आप्पा हसले नाहीत. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला खुणेनंच पाणी दिलं. वहिनी शाळेत शिक्षिका होत्या. बुद्धाच्या तसबिरीखाली वह्या तपासत बसायच्या आणि गाणं चालू असताना पानसुद्धा उलटायच्या नाहीत.

मोठ्या आवाजावर मात्र आप्पांचा राग नव्हता. वस्तीत जयंतीला भिंती हादरवणारे स्पीकर लागत, तेव्हा आप्पा स्वतः वायरी जोडून देत. मी विचारलं तर म्हणाले, "ते ऐकायला न्हाई ताई, नाचायला हाय. दोन्ही पायजेच की माणसाला."

दोन हजारच्या आसपास शिरूरलाही कॉम्प्युटर आले आणि एमपीथ्रीच्या सीड्या आल्या. आमचे तरुण ज्युनिअर इंजिनिअर एक सीडी घेऊन आले आणि म्हणाले, "आप्पा, दीडशे गाणी एकीत. तुमच्या कपाटभर टेपा हिच्यात मावतील." आप्पांनी विचारलं, दीडशे बसतात कशी? साहेबांनी समजावलं की माणसाच्या कानाला जे फारसं कळत नाही, ते त्यातून काढून टाकतात.

"कोण ठरवतं, काय कळत न्हाई ते?" आप्पा म्हणाले.

तेव्हा साहेबांनी पैज लावली. आप्पांचंच एक रेकॉर्डिंग घेतलं, एकदा पूर्ण, एकदा लहान केलेलं. जेवणाच्या सुट्टीत आप्पांना पाठमोरं बसवलं. दहा वेळा वाजवलं. प्रत्येक वेळी आप्पांनी सांगायचं, पूर्ण कुठलं आणि लहान कुठलं. सगळं एक्स्चेंज गोळा झालं होतं. मी मनातून आप्पांच्या बाजूनं होते.

आप्पांना दहापैकी चार ओळखता आली. डोळे झाकून बोट ठेवलं असतं तरी पाच आली असती.

लोक हसले. साहेबांनी चांगुलपणानं पाठीवर हात ठेवला. आप्पांनी डबा पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "मला ओळखू आलं न्हाई, हे खरं हाय. पण मला ऐकू येत न्हाई म्हणून टाकून द्यायचं का? माझ्या माघारी कुणाला येत असंल." कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मलाही तेव्हा ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं.

आता मूळ गोष्ट सांगते.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात एका रविवारी आप्पा मला इनामगावच्या पुढं घोडनदीच्या काठावरच्या एका वस्तीवर घेऊन गेले होते. धनगराचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरलेली माणसं, आता शेतीवर स्थिरावलेली. घरात एक आजी आणि तिचा म्हातारा. आजी लोकर कातताना गाते, असं आप्पांना कोणीतरी सांगितलं होतं. तिनं आधी चांगलंच झापलं.

"ही नळी कशाला रं माझ्या तोंडाम्होरं?"

"नळी न्हाई आजी, कान हाय. माझा कान म्हातारा झालाय."

"मंग तुझ्या आयला गायला सांग की."

"आई न्हाई राह्यली."

आजी उठली. कोपऱ्यातली चाती, म्हणजे लोकर कातायची लाकडी फिरकी, तिनं हातात घेतली आणि फिरवली. बराच वेळ नुसतीच फिरवत होती. मग गायला लागली, इतकं हळू की चातीची घुरघुर तिच्या आवाजापेक्षा मोठी वाटावी.

*घोडीच्या गं काठी, वल्या वाळूत पावलं,*
*मेंढरं म्होरं गेली, मन मागंच राह्यलं...*

आत, भिंतीला टेकून म्हातारा बसला होता. आबा. त्याला दमा होता, मधून मधून खोकायचा. मी आप्पांच्या कानाशी लागून म्हटलं, त्यांना जरा बाहेर बसवू का? आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा कधी तसं विचारलं नाही. नंतर बसमध्ये म्हणाले, "त्यांच्याच घरातनं त्यांना बाहेर बसवायचं?"

त्या दिवसाची वीसेक मिनिटं टेप झाली. आप्पांनी तिची साध्या कॅसेटवर कॉपी करून वस्तीवर नेऊन दिली. पुढच्या वर्षी आबा गेले. आजी पुष्कळ जगली. दोन हजार तीनमध्ये ती गेली तेव्हा तिच्या थोरल्या मुलाचा एक्स्चेंजला फोन आला. दहाव्याला आईचं गाणं मोठ्या स्पीकरवर लावायचं होतं. घरातल्या कॅसेटवरून शिरूरच्या एका दुकानात सीडी करून घेतली होती, पण आवाज बारीक येत होता. आप्पांकडं चांगलं असेल तर द्या, म्हणाला.

आप्पांनी रजा टाकली. मीही सोबत गेले. त्यांच्या खांद्याला मशीन, हेडफोन, आणि पिशवीत बॅटरी.

दहाव्याचे विधी नदीवर उरकून माणसं वस्तीवर परतली होती. मांडवात दोन-अडीचशे माणूस. थोरला मुलगा पन्नाशीचा, उंच, नुकतं मुंडण केलेला. तो मशीन घ्यायला पुढं झाला, तर आप्पांनी ते दिलं नाही.

"स्पीकरवर सीडी लावा की. मी न्हाई म्हणत न्हाई," आप्पा म्हणाले. "पण हे मूळचं हाय. हे एकेकानं आत बसून ऐका, एवढं माझं ऐका."

"एवढी माणसं एकेक करून? साहेब, आईचा आवाज आमचा हाय. तुम्ही कोण ठरवणार, कसा ऐकायचा?"

"तुमचाच हाय. म्हणून तर आणलाय."

वातावरण तंग झालं. शेवटी आजीची मुलगी, यवतकडं दिलेली, मध्ये पडली. "दादा, भांडू नगं आजच्या दिवशी. मी बसते आधी." बाहेर स्पीकरवर दुकानातली सीडी लागली. आत, ज्या खोलीत आजी गायली होती तिथं, आप्पांनी घोंगडी अंथरली, दार लोटून घेतलं आणि तिला हेडफोन घातले.

मी दाराशी होते. ती आधी पदरानं डोळे पुसत ऐकत होती. मग एकदम हात थांबला. तिनं हेडफोन काढून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आबा हायेत ह्याच्यात."

आबा खोकत होते, हे मला माहीत होतं. पण ती खोकल्याबद्दल बोलत नव्हती. आजीची एक ओवी संपली की आबा तोंडातल्या तोंडात "हं" म्हणत होते. गोष्ट ऐकताना म्हणतात तसं. प्रत्येक ओवीला. मी त्या दिवशी तीन हातांवर बसले होते आणि मला त्यातला एकही हुंकार ऐकू आला नव्हता.

बाहेर रांग लागली. सुना, जावई, भावकी. कोणी दोन मिनिटं ऐके, कोणी पाच. बाहेर आलेला माणूस पुढच्याला काही सांगत नसे. हळूहळू कोणीतरी बाहेरचा स्पीकर बंद केला. थोरला सगळ्यात शेवटी आत आला. उन्हं कलली होती. आप्पांनी त्याला सुरुवातीपासून सगळं ऐकवलं. वीस मिनिटं तो मान खाली घालून बसला होता. शेवट जवळ आला आणि तो आप्पांकडं वळला.

"हे परत लावा."

आप्पांनी मागं घेऊन लावलं. त्यानं ऐकलं. पुन्हा म्हणाला, "परत."

तिसऱ्यांदा ऐकून त्यानं हेडफोन हळूच घोंगडीवर ठेवले.

"आबा आईला इचारतात, थोरला आला का. आई म्हणती, येईल. आन् पुन्हा गायला लागती." बहीण दारातून आत आली, त्याच्याजवळ बसली. मग तिनंच आम्हाला सांगितलं. चौऱ्याण्णव साली थोरल्यानं मेंढरं विकली होती. सगळा कळप. पोरांची शाळा होती, चराई राहिली नव्हती, दुसरा इलाज नव्हता. पण आबा त्या दिवसापासून त्याच्याशी बोलले नाहीत. पलीकडच्याच रानात त्याचं नवं घर, आणि बाप-लेकात दोन वर्षं शब्द नाही. आबा गेले तेव्हा हा तळेगावच्या बाजारात होता.

"आई म्हणायची मला," थोरला म्हणाला, "इचारायचे रं तुला, रोज इचारायचे. मला वाटायचं, माझी समजूत काढती."

घरच्या कॅसेटवर हे नव्हतं. इतकं हलकं बोलणं कॉपीतल्या खरखरीत बुडून गेलं होतं, आणि दुकानदारानं सीडी करताना ओव्यांमधल्या मोकळ्या जागा कापूनच टाकल्या होत्या.

मला वाटलं, आता हा माणूस आप्पांचे पाय धरील. त्यानं विचारलं, "साहेब, आठ वर्षं हे तुमच्याकडं व्हतं?"

"व्हय."

"तुम्ही ऐकलं व्हतं?"

"पुष्कळदा." आप्पांचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, कुणीतरी कुणाला तरी इचारतंय. कोण थोरला, मी कधी इचारलं न्हाई."

थोरल्यानं आम्हाला जेवू घातलं, फाट्यापर्यंत सोडायला आला, बस येईपर्यंत उभा राहिला. बसमध्ये चढताना त्यानं आप्पांची पिशवी वर दिली आणि म्हणाला, "पुन्यांदा आणा हे. दिवाळीला." आप्पांनी मान हलवली. शिरूरला उतरल्यावर म्हणाले, "ताई, मी नुसतं सांभाळलं. ज्याचं त्याला द्यायचं राहूनच गेलं."

त्यानंतरचे आप्पा वेगळे. तोवर मशीन घेऊन ते नवीन आवाज शोधत जात. आता दर रविवारी जुना आवाज घेऊन त्याच्या घरी जायला लागले. कपाटातल्या टेपांची यादी केली आणि गावं लिहून काढली. मोबाइल आले, आमच्या एक्स्चेंजमधली गर्दी आटली, आप्पा निवृत्त झाले, तरी हे चालू होतं. घरची माणसं ऐकत आणि आप्पा वही घेऊन समोर बसत. ती वही मी पाहिली आहे. गाण्याबद्दल तिच्यात फारसं काही नाही. "चौथ्या मिनिटाला शेळी ओरडते, तिचं नाव राणी." "भांडं पडलं ते धाकट्या जावेच्या हातून, मुद्दाम." "पावलं वाजतात ती वडिलांची, डावा पाय ओढत चालायचे." इतकी वर्षं जो आवाज त्यांनी न गाळता जपला, तो कोणाचा होता हे त्यांना आता लोक सांगत होते. वस्तीवरही ते दिवाळीला जात. थोरल्याच्या मुलीनं कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा ती वीस मिनिटं जशीच्या तशी त्यावर उतरवून देऊन आले.

मी दोन हजार आठमध्ये त्यांच्याकडं गेले, तेव्हा डाव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. मी उजव्या बाजूला बसले. सगळी घरं झाली का, विचारलं.

"एका घरी कुणीच न्हाई सापडलं," ते म्हणाले. "बाई गेली, पोरं पुण्याला. घरात भाडेकरू. बिहारची पोरं हायेत, कंपनीत जातात."

"मग परत आलात?"

"कशाला? त्याच भिंतीत गायली व्हती ती. म्हटलं, ऐकता का. चौघांनी ऐकलं. त्यातला एक म्हणाला, हमारी माँ भी ऐसे ही गाती है, चक्की पे. मी म्हटलं, मंग ऐकव की. तर त्यानं गावाकडच्या दुकानात फोन लावला, आईला बोलावून घेतलं. ती तिकडं फोनवर गायली, मी हिकडं टेप केलं."

त्यांनी मला हेडफोन दिले. इतकं वाईट रेकॉर्डिंग मी त्यांच्याकडं कधी ऐकलं नव्हतं. खर्र चालूच. मध्येच आवाज तुटे. मागं दुकानात कोणीतरी साखर मागत होतं. आणि या सगळ्याच्या मधून एक बाई लाजत लाजत, थांबत थांबत गात होती. शब्द मला कळले नाहीत.

"आप्पा, आयुष्यभर खात्यात तुम्ही ही खरखर काढलीत," मी म्हटलं. "ही साफ करता येते ना आता?"

"येती. पण साफ करताना तिचं काय जाईल, ते मला कसं कळणार? त्यालाच इचारायचं. सुट्टीच्या दिवशी येतो तो."

दुपारी तो आला. वीस-बावीस वर्षांचा, कंपनीचा निळा शर्ट घातलेला. वहिनींना नमस्ते करून सरावानं सतरंजीवर बसला, हेडफोन घातले. आप्पांनी बटण दाबलं. आम्हा तिघांना काहीच ऐकू येत नव्हतं. तो मात्र समोरच्या भिंतीकडं बघत होता, आणि मधूनच, कुठं ते आम्हाला कळत नव्हतं, हळूच "हाँ माई" म्हणत होता.